निर्णय खेळाडूचा, हात पात्राचा

टेबलाभोवती चार-पाच जण जमून जे कथाखेळ खेळतात, त्यांतले एक भांडण गेली पन्नास वर्षे मिटलेले नाही. पात्राच्या कागदावर करिझ्मा 18 लिहिलेला असतो, म्हणजे हे पात्र बोलण्याने भल्याभल्यांना वश करील असे नियम सांगतात; पण ते पात्र चालवणारी व्यक्ती अबोल असते, चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. सरदाराच्या दरबारात उभे राहण्याची पाळी आली की तिने काय करावे? स्वतः भाषण करावे आणि ते पडले तर पात्रानेही तोंडघशी पडावे, की वीस बाजूंचा फासा टाकून त्यात कागदावरचा आकडा मिळवावा आणि मोकळे व्हावे? याच्या उलटही घडते. करिझ्मा 6 असलेल्या रांगड्या योद्ध्याचा खेळाडू वकिली बाण्याचा असतो आणि दर वेळी तोच बोलून सगळ्यांची सुटका करतो. पहिल्या प्रसंगात पात्रावर अन्याय होतो आणि दुसऱ्यात आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

अशा वेळी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, खेळतो तो खेळाडू, तेव्हा डोके त्यानेच चालवावे आणि आकड्यांकडे अगदी नाइलाज झाला तरच वळावे. दुसरा म्हणतो, आपण दुसऱ्या कोणाची तरी भूमिका घेतली आहे, तेव्हा जे जमायचे ते त्या पात्राला जमेल, आपल्याला जमते की नाही याचा संबंध नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष रेघ चुकीच्या जागी ओढतात. लढाई फाशाने आणि संभाषण तोंडाने, किंवा सगळेच फाशाने, अशी क्षेत्रांची वाटणी करण्याऐवजी ती रेघ प्रत्येक कृतीच्या आतच ओढायला हवी: काय करायचे हे खेळाडूने ठरवावे आणि ते हातून कितपत साधते हे पात्राच्या आकड्यांनी ठरावे.

या वादाची मुळे डंजन्स अँड ड्रॅगन्स या कथाखेळाच्याही मागे जातात. प्रशियाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी राइसविट्झ पितापुत्रांपैकी मुलाने 1824 मध्ये युद्धखेळाचे जे नियम छापले, त्यांत नकाशा होता, फासे होते, हानीची कोष्टके होती आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये बसलेला एक पंच होता. कोष्टके वाढत गेली तसा खेळ रेंगाळू लागला, आणि 1876 मध्ये व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने फासे आणि कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असे सुचवले. हे चालू शकले, कारण पंच स्वतः लष्करी माणूस होता आणि त्याच्या शब्दाला अनुभवाचे वजन होते. आजचा डंजन मास्टर, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतला डीएम, हा त्याच पंचाचा वारस. फरक इतकाच की भुयारातल्या ड्रॅगनशी लढल्याचा अनुभव कोणत्याच डीएमच्या गाठीशी नसतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये तीन छोट्या पुस्तिकांत डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आणला, तेव्हा पात्राला करिझ्मासारखे सहा गुण होते, पण कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, सावलीत लपणे ही कौशल्ये म्हणून कुठे नोंदलेली नव्हती. फरशी संशयास्पद वाटली तर खेळाडू म्हणे, मी तिच्यावर मशकीतले पाणी ओततो आणि ते कुठे मुरते ते पाहतो. डीएम विचार करून उत्तर देई. पुढल्याच वर्षी आलेल्या ग्रेहॉक या पुरवणीने चोर हा पात्रांचा नवा वर्ग आणला आणि या कामांना टक्केवारी चिकटली. जी गोष्ट आजवर कोणीही वर्णन करून करू पाहत असे, ती आता एका पात्राच्या मालकीची झाली. गंमत अशी की ती मालकी फारशी किफायतशीरही नव्हती. याच खेळाच्या 1981 च्या बेसिक संचात पहिल्या पातळीवरच्या, म्हणजे अगदी नवख्या, चोराला सापळा सापडण्याची शक्यता 10 टक्के आहे आणि त्याच पुस्तकात इतर कोणत्याही पात्राला, योग्य जागी शोधल्यास, सहांत एक, म्हणजे जवळजवळ 17 टक्के आहे. भिंत चढण्यात मात्र हा चोर 87 टक्क्यांचा धनी आहे. म्हणजे आकडा छापला की क्षमता दाखवली गेली, असे पहिल्यापासूनच नव्हते.

खेळाडूच्या चातुर्याचा जो गौरव आजही होतो, त्याचे एक मूळ स्पर्धेत आहे. 1975 मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या पहिल्या ओरिजिन्स या खेळमेळाव्यात गायगॅक्सने एका भयंकर थडग्याचे स्वतः रचलेले साहस, म्हणजे खेळायची तयार कथा, स्पर्धेसाठी चालवले. 1978 मध्ये ते टूम ऑफ हॉरर्स या नावाने छापून आले. त्यात भिंतीवर हिरव्या राक्षसाचा एक चेहरा आहे, त्याचे तोंड उघडे आणि आत मिट्ट काळोख. जो त्या तोंडात शिरतो तो कायमचा नाहीसा होतो. बचावाचा फासा नाही, चिलखताचा उपयोग नाही, पातळी कितवी हे कोणी विचारत नाही. आधी लांब काठी आत घालून पाहिली तर काठीचे टोक जाते आणि माणूस वाचतो. स्पर्धेत हे योग्यच होते. तिथे पात्रे आयोजकांकडून तयार मिळतात, तेव्हा कस लागायचा तो खेळाडूंचाच लागणार. पण दोन-दोन वर्षे चालणाऱ्या घरच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे त्याच पात्रांच्या सलग कथेत, जिथे प्रत्येकाने आपले पात्र प्रेमाने वाढवलेले असते, तिथेही हीच कसोटी लावण्याचा आग्रह धरला जातो, तेव्हा स्पर्धेची गुणपत्रिका सगळ्या खेळाचे शास्त्र होऊन बसते.

तरीही त्या बाजूचे म्हणणे हलके नाही. जुन्या पद्धतीच्या खेळाचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या मंडळींपैकी मॅट फिंच यांनी 2008 मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तीत, पात्राच्या क्षमतेपेक्षा खेळाडूचे कौशल्य, हे सूत्रच मांडले. त्यातले बळ एखाद्या जवळच्या उदाहरणावरून कळते. समजा, पुण्यातल्या एका टेबलावर डीएमने एका डोंगरी किल्ल्याचे वर्णन केले: पूर्वेला दोन बुरुजांच्या आड वळणाने लपवलेला दरवाजा, तिन्ही बाजूंना तुटलेले कडे, पश्चिमेची बाजू तेवढी जराशी उतरती. एक खेळाडू म्हणतो, मी शोधतो. फासा टाकतो, सात पडतात, काही सापडत नाही. दुसरी म्हणते, वेढा पडल्यावर शिबंदीला निसटायला वाट ठेवलेली असणारच. मुख्य दरवाजा पूर्वेला असेल तर ती वाट त्याच्या उलट बाजूला असेल, म्हणून मी पश्चिमेच्या तटाकडेने चालत जाते आणि बुरुजाच्या पोटाशी दगडांनी चिणलेली बुटकी दिंडी दिसते का पाहते. राजगडाच्या पद्मावती माचीवर चोरदरवाजाने चढून गेलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक आहे. तिथे दिंडी असेल, तर डीएमने ती दाखवावी, इतकेच. त्या क्षणी फासा मागणे म्हणजे उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर निकाल चिठ्ठी टाकून लावण्यासारखे आहे.

मात्र हे साधले ते डीएमने दोन बुरूज, तुटलेले कडे आणि उतरती बाजू आधी सांगितली म्हणून. तेवढी माहिती नसती तर त्या खेळाडूच्या हाती केवळ अंदाज उरला असता. ज्याला खेळाडूचे कौशल्य म्हणून डोक्यावर घेतले जाते, त्यातला पुष्कळ भाग म्हणजे डीएमची नस ओळखणे असतो. हा डीएम धबधब्यामागे नेहमी काहीतरी ठेवतोच, त्या डीएमच्या कथेत म्हातारी बाई दिसली की ती चेटकीण असणारच, हे जुन्या खेळाडूंना पाठ झालेले असते आणि नवखा माणूस त्यांच्यापुढे मूर्ख ठरतो. माहिती न देता चातुर्य मागणारा डीएम खेळाडूची परीक्षा घेत नाही, तो मनातला आकडा ओळखायला लावतो. कौशल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही जबाबदारी डीएमवर जितक्या जोराने टाकायला हवी तितकी ती टाकली जात नाही.

आपल्याकडच्या टेबलांवर याला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. नियमांची पुस्तके इंग्रजीत आहेत, संज्ञा इंग्रजीत आहेत, आणि त्या ओघात राजा बोलू लागला की तोही इंग्रजीतच बोलतो. एरवी मराठीत थट्टामस्करी करणारे टेबल दरबाराचा प्रसंग येताच भाषा बदलते. मग जिचे सगळे शिक्षण मराठीतून झाले ती खेळाडू, जी लढाईच्या नकाशावर सगळ्यांत धूर्त असते, ती इथे गप्प होते, आणि हिला रोल-प्ले जमत नाही अशी तिच्या नावावर नोंद होते. डीएम म्हणतो, चल, बोलून दाखव. आणि जो निकाल लागतो तो तिच्या पात्राचा नसतो, तिच्या युक्तिवादाचाही नसतो, तो शाळेच्या माध्यमाचा असतो. एल्फांचा राजा इंग्रजीत बोलतो असे माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही नियमात नाही. तीच खेळाडू मराठीत घासाघीस करू लागली तर राजाला खजिन्याची चावी काढावी लागेल. खेळाडूचे कौशल्य म्हणून आपण जर सफाईदार बोलण्याला गुण देत असू, तर ते कौशल्य कोणाला घरबसल्या मिळालेले असते आणि कोणाला नाही, हेही पाहायला हवे.

म्हणून सगळे आकड्यांवर सोपवावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. पण आकडे दिसतात तितके पात्राशी इमानी नसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला 15 हे लक्ष्य असते. शोधण्यात तरबेज पात्राला फाशावर 5 मिळवता आले, तर त्याला 10 किंवा अधिक पडायला हवेत, म्हणजे 55 टक्के शक्यता. आता ज्यांना या कामातले काहीच कळत नाही अशी चार पात्रे, काहीही न मिळवता, एकेक फासा टाकतात. प्रत्येकाची शक्यता 30 टक्के. पण चौघांपैकी कोणीतरी यशस्वी होण्याची शक्यता 76 टक्के. चार अडाण्यांनी तज्ज्ञाला सहज मागे टाकले. मी पण रोल करतो, हे वाक्य प्रत्येक टेबलावर का ऐकू येते याचे उत्तर या हिशेबात आहे. चाणाक्ष डीएम यावर बंधन घालतो हे खरे. पण मग पात्राची क्षमता म्हणून जे सांगितले जाते ते डीएमच्या बंदोबस्ताने सांभाळलेले असते, आकड्याने नव्हे.

आकड्यांचा दुसरा दोष असा की त्यांच्यामुळे निवड करायला काही उरत नाही. 2003 च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत मुत्सद्देगिरीचे कोष्टक होते. वैरभावाने पेटलेल्या माणसाला मित्र करायला 35, आणि मदतीला धावून येणारा करायला 50. एखाद्या पात्राने आकडे नीट जमवले तर मिनिटभराच्या बोलण्यात वैरी मित्र होई, आणि तो का झाला, त्याला काय सांगितले, याची चौकशीही करावी लागत नसे. रहस्यकथांत हा दोष उलट बाजूने डसतो. 1981 च्या कॉल ऑफ कथुलू या दुसऱ्या कथाखेळात दडलेली वस्तू दिसण्याच्या कौशल्याची सुरुवात 25 टक्क्यांपासून होते. कोणाचाच फासा साथ देत नाही, गालिच्याखालची चिठ्ठी तिथेच राहते आणि पुढची सगळी कथा त्या गालिच्याखाली अडकते. खेळ रचणाऱ्या रॉबिन लॉज यांनी गमशू ही खेळपद्धत रचली ती याच अडचणीवर: पात्राला ते कौशल्य असेल आणि खेळाडू योग्य जागी पोचला असेल, तर मुख्य धागा सापडणारच, त्याचा अर्थ लावणे हे खेळाडूचे काम. मला हा तोडगा फार मोलाचा वाटतो, कारण आकड्याला इथे दाराशी उभा असलेला पहारेकरी न करता माहिती आणून देणारा निरोप्या केले आहे.

आता त्या प्रसिद्ध युक्तिवादाकडे वळू, जो अबोल खेळाडूच्या बाजूने नेहमी केला जातो. योद्ध्याच्या खेळाडूला आपण कधी वजन उचलून दाखव म्हणत नाही, मग शाहिराच्या खेळाडूला भाषण करून दाखव का म्हणायचे? हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. योद्ध्याच्या खेळाडूला आपण तलवार चालवायला लावत नाही हे बरोबर. पण कोणावर वार करायचा, खिंडीत उभे राहायचे की मोकळ्यावर, जखमी सोबत्याला आधी उचलायचे की शत्रूच्या मांत्रिकाला आधी गाठायचे, हे तोच ठरवतो. यासाठी कोणी फासा टाकत नाही. माझे पात्र रणनीतीत हुशार आहे, तेव्हा कुठे उभे राहायचे ते तूच सांग, असे कोणी डीएमला म्हटले तर टेबल हसेल. म्हणजे लढाईत निर्णय खेळाडूचा आणि हात पात्राचा, ही वाटणी आपण इतकी पचवली आहे की ती दिसेनाशी झाली आहे. अन्याय होतो तो तीच वाटणी संभाषणाच्या वेळी विसरली जाते म्हणून. तिथे एक पक्ष खेळाडूकडून हातही मागतो आणि दुसरा त्याच्याकडून निर्णयही काढून घेतो.

ही वाटणी संभाषणात कशी दिसेल ते एका घाटातल्या जकातनाक्यावर पाहू. पात्रांना मालाच्या गाडीसकट पलीकडे जायचे आहे आणि गाडीत काय आहे ते दाखवायचे नाही. डीएमने वर्णनात सांगितले आहे की नाकेदाराचा अंगरखा विटलेला आहे आणि त्याच्या हाताखालची दोन माणसे कंटाळून सोंगट्या खेळत बसली आहेत. आपली अबोल खेळाडू कागदावरून नजर न उचलता, आवाजात काही चढउतार न करता म्हणते, ‘‘याचा पगार थकलाय का? माझं पात्र त्याला बाजूला घेतं आणि सांगतं की आम्ही सरदाराकडेच निघालोय, तुझ्या थकबाकीचं त्याच्या कानावर घालू. फक्त आमची गाडी लवकर सोड.’’ यात अभिनय शून्य आहे. पण तिने ऐकलेल्या तपशिलावरून माणसाची गरज हेरली आहे आणि तिच्यावर देवघेव बेतली आहे. डीएमने लक्ष्य 15 वरून 10 वर आणावे. तिच्या पात्राला करिझ्मा 18 आणि सरावामुळे फाशावर 6 मिळतात. 60 टक्क्यांची शक्यता 85 टक्के होते. हीच युक्ती त्या वकिली बाण्याच्या खेळाडूने आपल्या करिझ्मा 6 च्या योद्ध्यातर्फे, पल्लेदार वाक्यांत, टाळ्या घेत मांडली तरी लक्ष्य तेच 10 राहील. त्याच्या फाशातून 2 वजा होतात, म्हणून शक्यता 45 टक्के. आणि त्याने नुसतेच वक्तृत्व गाजवले, नाकेदाराला देण्यासारखे काही पुढे केले नाही, तर लक्ष्य 15 आणि शक्यता 20 टक्के. टाळ्या त्याच्या त्याला मिळाल्याच आहेत. नाकेदार टेबलावर बसलेला नाही.

ही रेघ जिथे खरोखर डळमळते ती जागा म्हणजे इंटेलिजन्स. निर्णय घेणे हेच बुद्धीचे काम असेल, तर निर्णय खेळाडूचा म्हणताना पात्राची बुद्धी कुठे राहिली? माझे उत्तर असे की बुद्धीचा आकडा निर्णयाच्या आधी वापरावा, निर्णयाच्या जागी नव्हे. बुद्धिमान पात्राच्या खेळाडूला डीएमने अधिक तपशील द्यावा, दोन गोष्टींतला संबंध दाखवावा, अमुक केले तर काय होईल असे विचारल्यास प्रामाणिक अंदाज सांगावा. मार्ग मात्र त्यानेच निवडावा. मंदबुद्धी पात्राच्या हुशार खेळाडूला, तुझ्या पात्राला हे सुचणार नाही, म्हणून गप्प बसवण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या मार्गाने टेबलावर एक कंटाळलेला माणूस तयार होतो, दुसरे काही नाही. पाचव्या आवृत्तीत गुण वाटण्याचा जो ठरीव संच आहे, 15, 14, 13, 12, 10 आणि 8, त्यातला 8 बहुतेक योद्ध्यांच्या इंटेलिजन्समध्ये जाऊन पडतो, कारण तिथे तो टाकल्याने काहीच बिघडत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. हा दोष खेळाडूंच्या लबाडीचा कमी आणि ज्याने काही विकत घेता येत नाही असा आकडा ठेवणाऱ्या रचनेचा अधिक आहे. ट्रोल या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात, पण आगीने भाजल्यावर भरत नाहीत, हे माहीत असूनही माहीत नसल्याचे सोंग तीन फेऱ्या वठवायला लावणे हा त्याच जातीचा छळ. डीएमला ते गुपित टिकवायचे असेल तर त्याने दुसरा राक्षस आणावा.

यावर हरकत येईल की लक्ष्य 15 चे 10 करणारा शेवटी डीएमच, म्हणजे मर्जीचा कारभार पुन्हा मागच्या दाराने आत आला. हरकत खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे: लक्ष्य आणि हुकल्यास काय ओढवेल, हे दोन्ही डीएमने फासा पडण्यापूर्वी उघड सांगावे, आणि ऐकून खेळाडूला मागे फिरायचे असेल तर फिरू द्यावे. नाकेदारासमोर उभ्या असलेल्या पात्राला काम किती अवघड आहे याचा अदमास असतोच, तेव्हा तो खेळाडूपासून लपवण्यात काही मतलब नाही. लक्ष्य का उतरवले हेही एका वाक्यात सांगितले, तर शेजारी बसलेला नवखा त्यातून शिकतो.

उपायाचा राहिलेला भाग मात्र डीएमच्या हातात नाही, तो पुस्तके लिहिणाऱ्यांच्या हातात आहे. नियमांच्या ग्रंथात ट्रोलची नोंद काढली तर त्याच्या चिलखताचा आकडा, प्राणांक, नखांचा मार आणि आगीपुढची दुर्बळता असे सगळे मिळते, आणि म्हणून लढाईत खेळाडूला निवड करण्याजोगे काही असते. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या डीएम-ग्रंथात समोरच्या पात्राची ध्येये, बंध आणि उणिवा हेरून त्यांचा फायदा घेण्याची सोय आहे, पण ती थोडक्यात उरकलेली आहे आणि पुष्कळ टेबलांवर तिचा पत्ताही नसतो. साहस छापताना प्रत्येक नाकेदाराच्या, पुजाऱ्याच्या आणि सरदाराच्या नोंदीत त्याला काय हवे आहे, तो कशाला भितो आणि कोणत्या गोष्टीवर तो कधीच तडजोड करणार नाही, अशा तीन ओळी दिल्या आणि त्या वर्णनातून कशा सूचित कराव्यात हेही सांगितले, तर बोलघेवड्या खेळाडूचे काहीच जात नाही आणि अबोल खेळाडूला संभाषणातही, ट्रोलसमोर मिळते तशी, हेरण्याजोगी एखादी दुबळी जागा मिळते.